एका दमाची लढाई

रविवार, ४ जानेवारी १९८७

आजही खेळ रंगला नाही. चंदूने मधेच पेपर उघडला. चंदू म्हणजे चंद्रप्रकाश, कॉलेजपासूनचा मित्र, औषध कंपनीचा प्रतिनिधी. खरं तर खेळ त्याचाच. बहिणीने अमेरिकेहून पाठवलेला डबा त्याने नियम वाचायच्या कंटाळ्याने माझ्या गळ्यात मारला, आणि आता तोच जांभया देतो.

खेळ तसा साधा. एकाने सूत्रधार व्हायचं, म्हणजे मी. मी सांगतो, समोर गुहा आहे, आत सांगाडे तलवारी घेऊन उभे आहेत. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि सांगायचं, मी असं करतो, मी तसं करते. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रवास, कोडी, गावातल्या बाजारातली घासाघीस, हे सगळं झकास चालतं. लढाई सुरू झाली की वाट लागते.

लवूने आज तोंडावर सांगितलं. तो आमच्या अंधेरीच्या ऑफिसात हिशेब बघतो, दर रविवारी दिंडोशीहून बस बदलत इथे घाटकोपरला येतो, म्हणून जास्त लागलं. "नंदू, ह्येका लढाई म्हणतत? मी मारतंय, तो मारता. परत मी मारतंय, तो मारता. धुणां धुतत तसा."

कुंदाच्या मांडीवर परात होती. आपला डाव येईपर्यंत ती गहू निवडत होती. सख्खी बायको असून.

मी ड्राफ्ट्समन आहे. एखादी वस्तू चालत नसेल तर ती कुठे अडते हे कागदावर काढून दाखवता आलंच पाहिजे. पुढच्या रविवारपर्यंत काढतो.

रविवार, ११ जानेवारी

राक्षस मोठा केला. दोन डोकी. खेळात प्रत्येकाला 'जीव' असतात, मार बसला की कमी होतात, संपले की मेला. याला ऐंशी जीव दिले. मला वाटलं, राक्षस मोठा तर लढाई मोठी. तर ती नुसती लांब झाली. शेवटी शेवटी तो मेला तर बरं असं मलाच वाटायला लागलं.

भाऊ गॅलरीत ट्रान्झिस्टर घेऊन बसले होते. भाऊ म्हणजे माझे वडील. म्युनिसिपालटीत कारकून होते, पण पंतनगरात त्यांना ओळखतात ते कबड्डीचे पंच म्हणून. आधी खेळाडू, मग तीस वर्षं पंच. दिवाळीपासून आवाज बसलाय. त्या बसलेल्या आवाजात ते तिथूनच म्हणाले, "नंद्या, तो राक्षस एवढा वेळ एकाच जागी उभा होता?"

"हो."

"आणि हे तिघे?"

"तेही."

"मग ती लढाई कसली? रेशनची रांग झाली."

चंदू इतका हसला की पेपर खाली पडला. भाऊंनी खुर्ची आत ओढली आणि विचारलं, मला घेता का. मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

मंगळवार, १३ जानेवारी

ऑफिसला अर्धी रजा टाकून भाऊंना परळला नेलं. रोजचे किरण. घशातली गाठ कॅन्सरची आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं आईने आणि दादाने, माझ्या मोठ्या भावाने, डिसेंबरातच ठरवलं. त्यांना सांगितलंय, घशाला सूज आहे, ती शेकायला जायचं. आम्ही नेहमी मागच्या दाराने नेतो. आज टॅक्सीवाल्याने नेमकं मोठ्या फाटकासमोर सोडलं. तिथे पाटी केवढी! मी पैसे देऊन वळलो तर भाऊ पाटीखाली उभे राहून चष्मा पुसत होते. चांगला वेळ पुसत होते. नशीब, चष्मा डोळ्यावर नव्हता.

परत येताना काही बोलले नाहीत. घसा दुखत असणार.

रविवार, १८ जानेवारी

भाऊंनी पात्र घेतलं. नाव काशीराम, पहारेकरी, वय पासष्ट.

"भाऊ, यात सगळे तरणेबांड असतात," चंदू म्हणाला.

"असू देत. एकाने तरी गुडघे दुखणारा घ्यायला पाहिजे."

आज लुटारूंशी लढाई होती. नेहमीसारखी रखडली. चंदू आपला डाव आला की विचार करत बसतो, तोवर कुंदा स्वयंपाकघरात, लवू गॅलरीत. काही वेळाने भाऊंनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, "तुमच्यात दम नाही." आम्हाला वाटलं रागावले. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, कबड्डीत चढाई करणारा श्वास घेऊन रेषा ओलांडतो. कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, आणि दम तुटायच्या आत काय करायचं ते करून परत यायचं. मैदानात विचार करायला कुणी वेळ देत नाही. म्हणून लोक भिंतीवर चढून बघतात.

नवा नियम ठरला. आपला डाव आला की एक श्वास घ्यायचा आणि तो पुरेल तेवढ्यात काय करणार ते बोलायचं. दम तुटला की डाव संपला. राहिलं ते राहिलं.

यार, काय फरक पडला! चंदू 'मी उजवीकडून झाडाआड जाऊन त्याच्या पाठीत' एवढं बोलून थांबला आणि त्याचा भाला पाठीपर्यंत पोचलाच नाही. कुंदाचा डाव आला तेव्हा मी नियमाचं पुस्तक चाळत होतो, तर ती भाऊंच्या देखत ओरडली, "नंदू, गाढवा, फासा टाक!" घरात मोठ्यांपुढे ती मला अहो म्हणते. आईने आतून डोकावून पाहिलं. भाऊ ट्रान्झिस्टरशी काहीतरी करायला लागले.

सगळ्यात लांब दम भाऊंचा. घसा तसा असून. आईने नंतर मला झापलं, त्यांना बोलायला लावू नकोस म्हणून.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. लवूबरोबर वर्सोव्याला गेलो. 'एकाच जागी उभा' हे भाऊंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. म्हटलं, जिथे उभं राहता येणार नाही अशी जागा शोधू. मढला जाणाऱ्या होडीत बसलो. लवू टेपने मापं घेत होता, तर नावाडी म्हणाला, इन्कम टॅक्सवाले आहात का.

होडीत दोन कोळणींचं जुंपलं. आवाज असा की मला वाटलं एखादी पाण्यात जाणार. पण नीट ऐकलं तर दोघींना एकमेकींचा जीव नको होता. होडीच्या नाकाशी टोपली ठेवायची जागा हवी होती, म्हणजे पलीकडे पहिलं उतरता येतं. पलीकडे उतरल्या आणि भांडण जिथल्या तिथे संपलं. एकीने दुसरीची टोपली डोक्यावर चढवून दिली.

लवू म्हणाला, "तुझे राक्षस उगीच मरेपर्यंत लढतत. तेंका काय होया ता आधी ठरव."

हे मला सुचायला हवं होतं.

रविवार, १ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. ड्रॉइंगच्या कागदावर खाडी काढली, मापात. कॅरमच्या सोंगट्या म्हणजे माणसं. भरती चढते आहे, दर फेरीला किनाऱ्याची एकेक पट्टी पाण्याखाली जाते. चाच्यांना कुणाला मारायचं नाही, त्यांना होडी हवी आहे. आपल्या लोकांना मिठाच्या गोणी पलीकडे न्यायच्या आहेत, आणि गोणी भिजल्या तर सगळंच गेलं.

पेपर उघडायला कुणाला सवड नव्हती. लवू गोणी डोक्यावर घेऊन गळ्यापर्यंत पाण्यात. कुंदाने चाच्यांच्या म्होरक्याशी भर लढाईत सौदा केला, तोही एका श्वासात. काशीराम चिखलात रुतला आणि तिथूनच दोघांना अडवून धरलं. भाऊंचा श्वास मधे अडकला, खोकला आला, पण त्यांनी हात वर करून 'डाव संपला' अशी पंचासारखी खूण केली. स्वतःलाच बाद दिलं.

एक गोष्ट. चाच्याने काशीरामवर वार केला तेव्हा फाशावर अठरा पडले. मी फासा उभ्या फाइलीमागे टाकतो, सूत्रधाराने तसाच टाकायचा असतो. अठरा म्हणजे काशीराम संपला. मी आठ सांगितले. भाऊ इतके खुशीत होते. एवढ्याने कुणाचं काय बिघडलं?

बुधवार, ११ फेब्रुवारी

किरण संपून तपासणी झाली. डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावलं. दादा, म्हणजे अंबादास, नाशिकहून मुद्दाम आला होता. भाऊंना बाहेर बाकावर बसवलं.

गाठ गेलेली नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढून भोक ठेवतात, श्वास तिथून. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध राहत नाही, म्हणून आवाज जातो, कायमचा. काढलं तर आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. नाही काढलं तर? ते म्हणाले, वर्षाची गोष्ट मी करणार नाही. लवकर ठरवा.

बाहेर आल्यावर भाऊंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"सूज उतरतेय म्हणाले," दादाने सांगितलं.

"त्याला एवढा वेळ?"

"डॉक्टर फोनवर होते," मी म्हटलं.

घरी आई देवघरापुढे बसली ती उठेना. तिचं म्हणणं, आवाज गेलेला हा माणूस जगणारच नाही, आधी मनाने मरेल. त्यापेक्षा आहे तितके दिवस सुखात जाऊ देत. दादाने साताऱ्याकडच्या एका वैद्याचं नाव काढलंय. ऑपरेशन करायचं नाही आणि भाऊंना त्यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. मी हो म्हटलं की नाही हे मला आता आठवत नाही. नाही असं तरी म्हटलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

खेळ ठेवला. नाही ठेवला तर भाऊंना संशय येईल.

आज लढाई एका घाटात. पण भाऊंनी वेगळाच मुद्दा काढला. "माझ्या म्हाताऱ्याचे जीव किती उरलेत?"

"भाऊ, तो आकडा सूत्रधाराकडे असतो."

"का?"

"माहीत नसलं की मजा येते."

"कुणाला?"

मी म्हटलं, नियमच तसा आहे. ते ऐकेनात. म्हणाले, चढाईला जाणाऱ्याला आपले किती उरलेत, समोर किती आहेत, वेळ किती आहे, सगळं दिसत असतं. त्यावरच तो ठरवतो, नुसता हात लावून परत फिरायचं की आत घुसायचं. "आकडा तुझ्याकडे ठेवलास तर ठरवणार तू. मग मी कशाला बसलोय इथे?"

चंदू का कोण जाणे, खाली बघायला लागला. कुंदा उठून आत गेली.

मुद्दा चांगला आहे. भाऊंना खेळाची गोडी फारच लागलीय. पुढच्या वेळेपासून ज्याचे जीव त्याच्याकडे.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

जळती गढी. आतल्या कैद्यांना बाहेर काढायचं, दरवाजा एकच. भाऊ म्हणाले, काशीराम दरवाजा धरून उभा राहील, तुम्ही माणसं काढा. त्यांच्या समोर आता आकडा होता, जीव फक्त सहा. सगळ्यांना कळत होतं. सगळे टेबलावर वाकले होते. लवूने दोन खेपा केल्या, कुंदाने एक. शेवटची खेप राहिली होती. गढीच्या सरदाराने काशीरामवर वार केला. मी फासा टाकला आणि म्हटलं, "सात. हुकला."

भाऊ माझ्या कोपराशी बसले होते. त्यांनी फाइल उचलून बाजूला ठेवली. "सतरा आहेत."

मी फासा उचलला.

"याआधी किती वेळा?"

"दोनतीनदा."

"सगळ्यांसाठी?"

"तुमच्यासाठी."

मला वाटलं हसतील. त्यांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं पंच होतो मी. लोकांनी आईवरून शिव्या दिल्या, एकदा जोगेश्वरीत चप्पल बसली. पण मैदानात उतरलेल्या माणसाला मी खोटा निकाल दिला नाही. खेळतोय तो. त्याला कळायला नको, काय झालंय त्याचं?" पुढचं आवाजात आलंच नाही, नुसतं तोंड हललं.

काशीराम मेला. त्याच्या आडून लवू शेवटची खेप घेऊन गढीबाहेरच्या पुलापर्यंत पोचला. भाऊंनी सोंगटी स्वतः उचलून डब्यात टाकली, चहा मागितला, आणि लवूला विचारलं, नवीन माणूस कोणता घेऊ. आजचा खेळ सगळ्यात चांगला झाला, असंही म्हणाले. मला चहा गेला नाही.

भांडी विसळताना कुंदाने विचारलं, "तुला खरंच कळत नाही का?"

"काय?"

तिने नळ मोठा केला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी भाऊ मैदानाकडे फिरायला निघाले, मी मागे गेलो. पोरं सराव करत होती. आम्ही कट्ट्यावर बसलो. दोन दिवस मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, घशात सूज नाही. कॅन्सर आहे."

"हं," भाऊ म्हणाले. नजर पोरांवरच. "नंद्या, परळच्या त्या फाटकावर केवढी पाटी आहे. मला वाचता येतं म्हणून म्युनिसिपालटीने पगार दिला इतकी वर्षं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुझी आई रोज देवापुढे बसून म्हणते, ह्यांना कळू देऊ नको. हळू म्हणते, पण घर दोन खोल्यांचं. म्हटलं, तिचं तेवढं तरी देवाने ऐकलं असं तिला वाटू दे."

ऑपरेशनचं मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते सांगताना त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि पंच विचारतो तसं एकेक विचारलं. आवाज किती जाणार? पूर्ण. श्वास कुठून? इथून. परत येणार? नाही. नाही काढलं तर? तेही सांगितलं. वैद्याचंही सांगितलं.

मग ते परत मैदानाकडे वळले. एक पोरगा चढाईला गेला, तिघांनी मिळून त्याला धरला. धुळीत ढीग झाला नुसता. भाऊ बघत होते.

"आवाज चढाईला लागतो," ते म्हणाले. "पकडीला लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काढा म्हणावं." मग उठता उठता, "भीती वाटतेय मला. हे तुझ्या आईला सांगू नकोस."

म्हणजे आता हे एक नवीन लपवायचं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आई माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. दादा शेजाऱ्यांच्या फोनवर मला म्हणाला, उद्या काही झालं तर ते तुझ्यावर. भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "अंबादास, घसा माझा आहे," आणि ठेवून दिला. शेजारचे काका उगीच कॅलेंडर बघत उभे होते.

सोमवार, ९ मार्च

उद्या ऑपरेशन. आज भाऊंना दाखल केलं. सकाळपासून मी लक्ष ठेवून होतो, शेवटचं म्हणून काय बोलतात ते ऐकायला. ते दूधवाल्याशी पाण्यावरून भांडले. चंदू भेटायला आला, त्याला म्हणाले, बूट पॉलिश करत जा. कुंदाला विचारलं, पंखा बंद केलास का. हॉस्पिटलात आई घरी जायला निघाली तेव्हा तिला म्हणाले, "कुलूप ओढून बघ, ते नुसतं लागल्यासारखं दिसतं."

टॅक्सीत आई रडली. म्हणाली, "एवढा संसार झाला आणि शेवटचं बोलणं कुलपाचं."

पंधरवड्यात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते हे.

बुधवार, ११ मार्च

काल झालं. पाच तास. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. गळ्याला भोक, नाकात नळी. शुद्धीवर आल्यावर त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बाहेर गेलो.

रविवार, २९ मार्च

घरी आणलं आहे. मी लिहायला पाटी आणून दिली. पहिले दोन दिवस लिहिलं, तिसऱ्या दिवशी पाटी भिंतीवर मारली. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडतात. मैदानावरची पोरं आली होती, त्यांनाही भेटले नाहीत. दादा येऊन गेला. जाताना दारात बराच वेळ चप्पल शोधत राहिला, ती समोरच होती.

मी चुकलो का? आई म्हणत होती तेच झालं ना? त्यांनीच ठरवलं हे खरं. पण सांगितलं मी.

रविवार, १९ एप्रिल

आज लवू न विचारता आला, चंदूला घेऊन. मी म्हटलं, खेळ नको रे. लवू मुद्दाम मोठ्याने बोलला, "मी पुलार अडाकलंय दोन महिने. माका कोणी तरी सोडवा नायतर मारा."

मांडला. लाकडी पूल, पलीकडे शत्रूची तुकडी. दमाचा नियम चालू होता, पण कुणाचं मन नव्हतं. मी शत्रूच्या सोंगट्या आपल्या ढकलत होतो. तेवढ्यात मागून चमच्याने पेला वाजवल्याचा आवाज आला. भाऊ दारात उभे. गळ्यावर पांढरं फडकं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या सोंगट्यांकडे, आणि असा चेहरा केला की चंदू म्हणाला, "भाऊ म्हणतायत परत रेशनची रांग लावलीस."

त्यांनी खुर्ची ओढली ती माझ्या बाजूला, शत्रूच्या बाजूला. माझा हात सारून सोंगट्या स्वतः हलवायला लागले. दोन मागे घेतल्या. एक उगीच पुढे ठेवली, आमिष म्हणून. लवू आमिषाकडे गेला आणि तिघांनी त्याला साखळी करून धरलं. भाऊंनी टेबलावर थाप मारली.

इतके दिवस राक्षस, चाचे, सरदार सगळे मीच होतो आणि फासेही मीच टाकत होतो. कुणाला हरवायचं मला कधी मनापासून वाटलंच नाही. भाऊंना वाटतं. तिघांना त्यांनी पुलावरून पार खाली काढलं. कुंदा चिडून लाल. चंदू घरी जाताना जिन्यातसुद्धा वाद घालत होता. भाऊ दोन पोळ्या जास्त जेवले. आईने मला वाढताना विचारलं, पुढच्या रविवारी येणार ना रे ती पोरं?

रविवार, १० मे

हॉस्पिटलात एक शिक्षक आहेत, त्यांचंही असंच ऑपरेशन झालेलं. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचा शब्द करायचा, असं ते शिकवतात. स्वतः चांगलं बोलतात, घोगरं, तुटक, पण कळतं. भाऊ दोनदा गेले. मग त्या तडकलेल्या पाटीवर लिहिलं, 'किळस येते', आणि जाणं बंद केलं. पंगतीत कुणी ढेकर दिला तर उठून जाणारा माणूस. आम्हीही आग्रह केला नाही. रविवारची लढाई आहे, तेवढं पुष्कळ.

शनिवार, २३ मे

भाऊ सकाळी बाथरूममध्ये फार वेळ लावतात, तोही नळ सोडून. या दिवसांत पाणी मोजकं येतं. आज मी दार वाजवलं. नळ बंद झाला, थोड्या वेळाने परत सुरू. कुंदाला म्हटलं, तू सांगून बघ. ती म्हणाली, "वाहू दे की पाणी." हल्ली तिचं मला काही कळत नाही.

रविवार, ३१ मे

उकाडा भयंकर. तरी सगळे आले. मी लढाई किल्ल्याच्या पायऱ्यांवर ठेवली होती, भाऊ वर, हे तिघे खाली. भाऊंनी वरून दगड सोडायची युक्ती काढली होती. लवूने श्वास घेतला आणि एका दमात पहिल्या बुरुजापर्यंत आला. आता भाऊंचा डाव. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो.

भाऊंनी सोंगटीवर बोट ठेवलं, गळा जरा आखडला, हनुवटी खाली घेतली आणि म्हणाले, "ताक."

जुनं कपाट सरकवल्यासारखा आवाज. मला आधी वाटलं खुर्ची सरकली.

आतून आई म्हणाली, "आणते हो. हातातलं तरी होऊ दे."

आम्ही चौघंही भाऊंकडे बघत राहिलो. ते पटाकडे बघत होते. सोंगटी एक घर पुढे सरकवली. आत रवी घुसळल्याचा आवाज आला, मग पेला ठेवल्याचा. आई पेला घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "कुणी मागितलं?"

भाऊंनी हात पुढे केला.

आई म्हणाली, "मीठ घालायचं राहिलं," आणि पेला तसाच घेऊन परत आत गेली. बराच वेळ आली नाही. कुंदा उठायला लागली, तर भाऊंनी तिला हाताने बसवलं. मग परत हनुवटी खाली घेतली, आणि मघापेक्षा मोठ्याने म्हणाले, "ताक."